जैन शास्त्रांचा अभ्यास: अधिकार कोणाला आणि क्रम कोणता

स्वाध्यायाकडे, म्हणजे शास्त्रांच्या नियमित अभ्यासाकडे, नव्याने वळणाऱ्यांच्या हातून दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. काहींच्या कानावर कधीतरी ‘गृहस्थाला आगम वाचण्याचा अधिकार नाही’ हे वाक्य पडलेले असते आणि ते शास्त्राच्या वाटेलाच जात नाहीत. काहीजण याच्या अगदी उलट, कोणाला काही न विचारता सर्वांत अवघड ग्रंथ विकत आणतात, पंधरा-वीस पाने वाचतात आणि चुकीचा अर्थ मनात पक्का करून थांबतात. दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: अधिकार हा माणसाच्या जन्माशी बांधलेला असतो, असे धरून चालणे. प्रत्यक्षात तो ग्रंथागणिक, परंपरेगणिक आणि वाचकाच्या तयारीगणिक ठरतो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

## टप्पा 1: ग्रंथ कोणत्या परंपरेचा आहे ते ठरवा

‘जैन आगम’, म्हणजे जैनांचे मूळ प्रमाण ग्रंथ, या शब्दाने सर्वांच्या मनात एकच यादी येत नाही. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरा 45 आगम मानते: 11 अंगे, 12 उपांगे, 6 छेदसूत्रे, 4 मूलसूत्रे, 10 प्रकीर्णके आणि 2 चूलिकासूत्रे. स्थानकवासी आणि तेरापंथी परंपरा 32 आगम प्रमाण मानतात. दिगंबर परंपरेच्या मते मूळ अंगे कालौघात विच्छिन्न झाली. तिथे षट्खंडागम व कषायपाहुड हे सिद्धांतग्रंथ आणि कुंदकुंद, समंतभद्र, पूज्यपाद यांच्यासारख्या आचार्यांचे ग्रंथ आधारभूत आहेत आणि त्यांची मांडणी प्रथमानुयोग, करणानुयोग, चरणानुयोग व द्रव्यानुयोग अशा चार अनुयोगांत, म्हणजे विषयविभागांत, केली जाते.

तत्त्वार्थसूत्र दोन्ही परंपरांना मान्य आहे, आणि गोंधळही तिथेच सर्वाधिक होतो. त्याच्या दिगंबर पाठात 357 सूत्रे आहेत, श्वेतांबर पाठात 344. ‘उत्पादव्ययध्रौव्ययुक्तं सत्’ हे प्रसिद्ध सूत्र दिगंबर पाठात पाचव्या अध्यायाचे तिसावे आहे आणि श्वेतांबर पाठात एकोणतिसावे, कारण त्याआधीचे ‘सद् द्रव्यलक्षणम्’ हे सूत्र श्वेतांबर पाठात नाही. एकाच वर्गात दोघांनी दोन आवृत्त्या आणल्या की अर्धा तास ‘तुमचे सूत्र चुकीचे छापले आहे’ या वादातच जातो.

तपासणी: पहिले पान उलटण्याआधी वहीत पाच गोष्टी लिहून ठेवा: ग्रंथाचे नाव, मूळ कर्ता, टीकाकार, भाषांतरकार आणि परंपरा. यांतील एखादी गोष्ट पुस्तकावर सापडत नसेल, तर त्या आवृत्तीवर अभ्यास उभा करू नका.

## टप्पा 2: अधिकाराचा प्रश्न त्या ग्रंथापुरता सोडवा

आधी सर्वांना लागू असणारी गोष्ट. तीर्थंकरांच्या समवसरणात, म्हणजे उपदेशसभेत, देव, मनुष्य आणि पशुपक्षी या सर्वांना जागा आहे, असेच दोन्ही परंपरा सांगतात. जिनवाणी ऐकण्यापासून जन्माने, जातीने किंवा स्त्री असल्यामुळे कोणी वंचित राहत नाही. जैन कुळात न जन्मलेला जिज्ञासूही ऐकू शकतो, शिकू शकतो. मर्यादा येते ती विशिष्ट ग्रंथांच्या मूळ पाठाची विधिपूर्वक वाचना घेण्यावर.

श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत ही मर्यादा सर्वांत स्पष्ट आहे. तिथे मूळ आगमांची वाचना साधूंना गुरूंकडून मिळते आणि त्याआधी योगोद्वहन, म्हणजे ठरावीक तप व क्रियांसह केलेली पूर्वतयारी, आवश्यक असते. साधूंनाही सर्व ग्रंथ एकदम मिळत नाहीत. व्यवहारसूत्राच्या दहाव्या उद्देशकात दीक्षेच्या वर्षांवरून क्रम दिला आहे: तीन वर्षांनंतर आचारप्रकल्प, चार वर्षांनंतर सूत्रकृतांग, पाच वर्षांनंतर दशाश्रुतस्कंध, बृहत्कल्प व व्यवहार, आठ वर्षांनंतर स्थानांग व समवायांग, दहा वर्षांनंतर व्याख्याप्रज्ञप्ती म्हणजेच भगवती. गृहस्थ याच आगमांचा अर्थ साधू-साध्वींच्या व्याख्यानातून ऐकतात; पर्युषणातले कल्पसूत्राचे श्रवण हे त्याचे घरोघरी माहीत असलेले रूप. गृहस्थांसाठी प्रकरणग्रंथांचे, म्हणजे एकेका विषयावरील छोट्या ग्रंथांचे, मोठे भांडार वेगळे आहे आणि त्यावर असे बंधन नाही.

स्थानकवासी आणि तेरापंथी परंपरांत श्रावक-श्राविकांनी आगम वाचण्याची पद्धत रुळलेली आहे. तिथे अडथळा अधिकाराचा नसतो, क्रमाचा असतो.

दिगंबर परंपरेत श्रावकाने शास्त्रस्वाध्याय करणे हे त्याच्या सहा दैनंदिन आवश्यकांपैकी एक आहे. तरीही वसुनंदी श्रावकाचारासारख्या ग्रंथात देशविरत, म्हणजे अंशतः व्रते घेतलेल्या, श्रावकाला सिद्धांताच्या रहस्यभागाचे अध्ययन नाही, असे म्हटले आहे. षट्खंडागमावरील धवला टीकेचा पहिला भाग 1939 मध्ये अमरावतीहून छापून निघाला आणि तेव्हापासून षट्खंडागम गृहस्थ विद्वानांच्याही अभ्यासात आहे. हे दोन्ही संदर्भ माहीत असावेत आणि आपल्या संघातल्या मुनिमहाराजांना किंवा जाणत्या पंडितांना विचारून पुढे जावे, हे मला सर्वांत योग्य वाटते.

पात्रतेची एक अट मात्र गृहस्थाला थेट उद्देशून आहे. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात मद्य, मांस, मध आणि पाच उदुंबर फळे (वड, पिंपळ, उंबर यांसारखी) यांचा त्याग केलेले शुद्ध बुद्धीचे लोक जिनधर्माच्या देशनेला, म्हणजे उपदेशाला, पात्र होतात, असे सांगितले आहे. ही अट कठोर वाटली तरी तिचा हेतू सरळ आहे: अहिंसेवर उभे असलेले शास्त्र समजून घ्यायचे, तर हिंसेच्या ढोबळ सवयी आधी सुटायला हव्यात. ज्याला केवळ विद्वत्तेसाठी वाचायचे आहे तो त्याशिवायही वाचू शकेल, पण त्याने आपल्या वाचनाला स्वाध्याय म्हणू नये.

सावधगिरी: ग्रंथ छापील मिळतो, म्हणून त्याचा अधिकारही मिळाला असे होत नाही. विशेषतः छेदसूत्रांपासून नवख्याने दूर राहावे. त्यांत साधुजीवनातले दोष, प्रायश्चित्ते आणि आपत्काळातले अपवाद आहेत. उत्सर्ग, म्हणजे सर्वसाधारण नियम, माहीत नसलेला वाचक अपवादालाच नियम समजतो आणि साधुसंस्थेविषयी भलतेच ग्रह करून घेतो. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत साध्वींनाही ही सूत्रे सहसा दिली जात नाहीत, यावरून त्यांच्याबाबतची दक्षता लक्षात यावी.

## टप्पा 3: बसण्याआधीची तयारी

पहिली गरज शिकवणाऱ्याची. आठवड्यातून एकदा का होईना, ज्याला शंका विचारता येईल अशी जाणती व्यक्ती असावी: मुनी, आर्यिका, महासतीजी, पाठशाळेतले शिक्षक किंवा वर्षानुवर्षे स्वाध्याय करणारे श्रावक. सूत्राची रचनाच अशी आखूड असते की शिक्षक आणि टीका या दोन्हींशिवाय ती बोलत नाही.

भाषेची भीती बाळगू नका, पण तिची उपेक्षाही करू नका. श्वेतांबर आगम अर्धमागधीत आहेत, षट्खंडागम व कुंदकुंदांचे ग्रंथ शौरसेनी प्राकृतात, तत्त्वार्थसूत्र संस्कृतात. मराठी जाणणाऱ्याला प्राकृत वाटते तितके परके नाही. ‘य’चा ‘ज’ होणे, जोडाक्षरे सोपी होणे असे आठ-दहा नियम कळले की बरेच शब्द ओळखीचे वाटू लागतात.

वहीत पारिभाषिक शब्दांसाठी स्वतंत्र पाने ठेवा. ही सूचना किरकोळ वाटते, परंतु नवख्यांचे निम्मे गैरसमज ओळखीच्या शब्दांमुळेच होतात. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात ‘धर्म’ व ‘अधर्म’ येतात, ते पुण्य-पाप या अर्थाने नव्हेत. जीव व पुद्गल (जड पदार्थ) यांच्या गतीला आणि स्थितीला साहाय्य करणारी ती दोन द्रव्ये आहेत. ‘दर्शन’ शब्द ‘सम्यग्दर्शना’त श्रद्धा या अर्थाने आहे आणि ‘दर्शनोपयोगा’त वस्तूच्या सामान्य बोधाच्या अर्थाने. प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या ग्रंथात, कोणत्या प्रकरणात, कोणत्या अर्थाने आला ते लिहावे.

## टप्पा 4: काळ आणि शुद्धी सांभाळा

ज्ञानाचे आठ आचार सांगितले आहेत: काल, विनय, बहुमान, उपधान, अनिह्नव, व्यंजन, अर्थ आणि तदुभय. यात काल पहिला आहे. सूर्योदय, मध्यान्ह, सूर्यास्त आणि मध्यरात्र या चार संधिकाळांत मूळ सूत्रांचा पाठ करत नाहीत. श्वेतांबर परंपरेत एकूण 32 अस्वाध्याय, म्हणजे पाठ वर्ज्य असलेले प्रसंग, मानले जातात. त्यात आकाशातील उत्पात, रक्त-अस्थी यांसारखी जवळची अशुची, विशिष्ट पौर्णिमा व त्यांनंतरच्या प्रतिपदा आणि हे चार संधिकाळ येतात. शिवाय सूत्रांचे कालिक व उत्कालिक असे दोन प्रकार आहेत. उत्तराध्ययन कालिक आहे, म्हणून ते दिवसाच्या व रात्रीच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रहरातच वाचले जाते; दशवैकालिक उत्कालिक आहे, त्याला अस्वाध्यायाची वेळ सोडून इतर वेळा मोकळ्या आहेत.

दिगंबर परंपरेत द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव अशा चार शुद्धी सांगितल्या आहेत. मूलाचारात एक उपयुक्त भेद केला आहे: गणधर, प्रत्येकबुद्ध, श्रुतकेवली आणि अभिन्नदशपूर्वी यांनी सांगितलेले ते ‘सूत्र’, आणि अस्वाध्यायकाळात ते वर्ज्य; स्तुती, आराधनेचे ग्रंथ, धर्मकथा यांना ते बंधन नाही. मासिक पाळी, सोयर-सुतक यांबाबत आपापल्या संघाची रीत पाळावी.

चूक: अस्वाध्यायाच्या यादीला घाबरून महिनोन्‌महिने पुस्तकच न उघडणे. श्वेतांबर प्रतिक्रमणात, म्हणजे दोषांची कबुली देण्याच्या विधीत, ज्ञानाचे जे 14 अतिचार (दोष) म्हटले जातात, त्यांत ‘अकाले कओ सज्झाओ’ आहे आणि लगेच ‘काले न कओ सज्झाओ’ही आहे. अवेळी वाचणे हा जसा दोष, तसाच योग्य वेळ असून न वाचणे हाही दोष.

## टप्पा 5: ग्रंथांचा क्रम धरा

हा टप्पा वगळणाऱ्यांचाच अभ्यास सहसा मोडतो, म्हणून इथे घाई करू नका.

दिगंबर परंपरेतील गृहस्थाने छहढाला किंवा तत्सम प्राथमिक ग्रंथानंतर रत्नकरंडक श्रावकाचार घ्यावा. त्याचे 150 श्लोक आहेत आणि रोज एक श्लोक घेतला तरी पाच महिन्यांत तो सावकाश होतो. त्यानंतर 58 गाथांचा द्रव्यसंग्रह, मग तत्त्वार्थसूत्र, मग त्यावरील सर्वार्थसिद्धी टीका. कर्माचे तपशील गोम्मटसारातून आणि अध्यात्म समयसारातून, पण ही पायाभरणी झाल्यानंतर. या सर्वांच्या जोडीला प्रथमानुयोगातील एखादे पुराण वाचत राहावे, म्हणजे तत्त्व आणि जीवन यांची सांगड तुटत नाही.

श्वेतांबर मूर्तिपूजक पाठशाळांतली चाल अशी आहे: आवश्यक सूत्रे अर्थासह, मग जीवविचार, नवतत्त्व, दंडक व संग्रहणी ही चार प्रकरणे, मग तीन भाष्ये, मग कर्मग्रंथ, तत्त्वार्थही याच सुमारास. स्थानकवासी व तेरापंथी घरांत सामायिक-प्रतिक्रमण आणि पच्चीस बोल यांपासून सुरुवात होते आणि नंतर दशवैकालिक व उत्तराध्ययन येतात. दशवैकालिकाची दहा अध्ययने शय्यंभवाचार्यांनी सहाच महिने आयुष्य उरलेल्या मनक या आपल्या मुलासाठी निवडून काढली, अशी परंपरा आहे. थोड्या वेळात सार हाती यावे हाच त्यामागचा हेतू असल्यामुळे आगमवाचनाला ते प्रवेशद्वार म्हणून योग्य आहे.

तत्त्वार्थसूत्राविषयी एक सूचना. तिसऱ्या-चौथ्या अध्यायांत नरक, मध्यलोक आणि देवलोक यांचे वर्णन आहे, नावांची आणि मापांची दाटी आहे. अनेकजण तिथे थकून ग्रंथ खाली ठेवतात आणि आस्रवापासून (आत्म्यात कर्मे येण्यापासून) मोक्षापर्यंत जाणारा सहावा ते दहावा अध्याय, ज्यासाठी ग्रंथ हाती घेतला, तो राहूनच जातो. पहिल्या वाचनात ते दोन अध्याय भरभर वाचून पुढे जा आणि दुसऱ्या वाचनात तिथे थांबा.

तपासणी: पुढचा ग्रंथ घेण्याआधी सात तत्त्वांची नावे क्रमाने आणि प्रत्येकाचा अर्थ एकेका वाक्यात पुस्तक न पाहता सांगता येतो का, ते पाहा. श्वेतांबर मांडणीत पुण्य-पाप धरून ती नऊ होतात. सांगता येत नसेल तर मागचाच ग्रंथ पुन्हा घ्या.

## टप्पा 6: एका गाथेवर कसे बसावे

दशवैकालिकाची पहिली गाथा घेऊ:

धम्मो मंगलमुक्किट्ठं, अहिंसा संजमो तवो।
देवा वि तं नमंसंति, जस्स धम्मे सया मणो॥

प्रथम ती मोठ्याने, अक्षर न गाळता आणि अक्षर न वाढवता वाचावी. ‘हीणक्खरं’ आणि ‘अच्चक्खरं’ हे दोन्ही अतिचारच आहेत. मग पदे सुटी करावीत: ‘मंगलमुक्किट्ठं’ म्हणजे ‘मंगलं उक्किट्ठं’, उत्कृष्ट मंगल. ‘संजमो’ म्हणजे संयम, ‘तवो’ म्हणजे तप, ‘जस्स’ म्हणजे ज्याचे, ‘सया’ म्हणजे सदा. मग अन्वय: धर्म हे उत्कृष्ट मंगल आहे, अहिंसा, संयम आणि तप हे त्याचे स्वरूप, ज्याचे मन सदैव धर्मात असते त्याला देवही नमन करतात. इथे घाईने वाचणारा ‘धर्म चांगला आहे’ एवढेच घेऊन पुढे जातो. जरा थांबले तर दिसते की गाथेने धर्माची व्याख्या तीन शब्दांत दिली आहे आणि त्या तिघांत कोणताही विधी किंवा पंथाचे नाव नाही. आणि देवांचे नमन ज्याला सांगितले आहे, त्याची ओळख कुळावरून दिलेली नाही, मन कुठे आहे यावरून दिली आहे.

टीकाकारांनी याच कामासाठी पाच पायऱ्या दिल्या आहेत: शब्दार्थ, नयार्थ, मतार्थ, आगमार्थ आणि भावार्थ. शब्दांचा अर्थ काय, विधान कोणत्या नयाने, म्हणजे दृष्टिकोनातून, केले आहे, कोणत्या मताला ते उत्तर देते, इतर आगमाशी ते कसे जुळते आणि यातून स्वीकारायचे काय व सोडायचे काय. वहीत गाथेखाली या पाच ओळी रिकाम्या सोडा. पहिल्या दिवशी दोनच भरल्या जातील. बाकीच्या शिक्षकांना विचारून भरा.

## टप्पा 7: नय ओळखल्याखेरीज निष्कर्ष काढू नका

सर्वांत महाग पडणारी चूक इथे होते. समयसारात आत्म्याचे वर्णन प्रामुख्याने निश्चयनयाने, म्हणजे शुद्ध परमार्थाच्या दृष्टीने, आहे: आत्मा कर्मांनी बद्ध नाही, तो परद्रव्याचा कर्ता नाही. व्रत, सामायिक, स्वाध्याय यांची सवय नसलेला वाचक हे वाचून म्हणतो, ‘मग या सगळ्याची गरजच काय?’ त्याच ग्रंथाच्या आठव्या गाथेत कुंदकुंदांनी उत्तर दिले आहे: अनार्याला अनार्य भाषेशिवाय समजावता येत नाही, तसा व्यवहाराशिवाय, म्हणजे रूढ व्यवहाराच्या दृष्टीने सांगितल्याशिवाय, परमार्थाचा उपदेश अशक्य आहे. आणि अमृतचंद्रांनी म्हटले आहे की व्यवहार व निश्चय दोन्ही यथार्थ जाणून जो मध्यस्थ होतो, त्याच शिष्याला देशनेचे पूर्ण फळ मिळते.

हा धोका कल्पनेतला नाही. सतराव्या शतकात आग्र्याचे पंडित बनारसीदास यांनी आपल्या आत्मवृत्तात प्रांजळपणे लिहून ठेवले आहे की टीकेसह समयसार वाचल्यावर त्यांची क्रियांवरची श्रद्धा उडाली आणि त्यांची अवस्था कुठलीच धड राहिली नाही. पुढे पंडित रूपचंद आग्र्यास आले, त्यांनी गोम्मटसार शिकवला, गुणस्थानांचा, म्हणजे आत्मशुद्धीच्या पायऱ्यांचा, क्रम कळला आणि मग त्यांचे मन स्थिर झाले. एवढ्या बुद्धिमान माणसाला ज्या ग्रंथाचा तोल सांभाळायला जाणत्या पंडितांचे बोट धरावे लागले, तो आपण एकट्याने सुरुवातीलाच घेऊ नये.

तपासणी: कोणत्याही विधानासमोर दोन प्रश्न लिहा: हे कोणत्या अपेक्षेने म्हटले आहे? आणि दुसऱ्या अपेक्षेने याच ग्रंथकाराने काय म्हटले आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत ते विधान कोणाला ऐकवू नका.

## टप्पा 8: विचारा, उजळणी करा, शेवटी सांगा

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणे, विचारणे, मनन करणे, शुद्ध पाठाची आवृत्ती करणे आणि दुसऱ्याला सांगणे. बहुतेकजण पहिल्यावरून थेट पाचव्यावर उडी मारतात. चार दिवस वाचलेले पाचव्या दिवशी प्रवचनात उतरते. किमान एक ग्रंथ टीकेसह पूर्ण होईपर्यंत सांगण्याचे टाळावे. सांगताना अनिह्नव, म्हणजे ज्याच्याकडून शिकलो त्याचे नाव न लपवणे, हा आचार विसरू नये.

दिगंबर शास्त्रसभेत आरंभी ‘ओंकारं बिंदुसंयुक्तं’ हे मंगलाचरण म्हणून मूळ ग्रंथकर्ते सर्वज्ञदेव, त्यांनंतर गणधरदेव, आणि त्यांच्या वचनाला अनुसरून अमुक आचार्यांनी रचलेला अमुक ग्रंथ, असा उच्चार होतो. या ठिकाणी हातातल्या ग्रंथाचे व त्याच्या आचार्यांचे नाव घ्यायचे असते. पाठांतराच्या ओघात दुसऱ्याच आचार्यांचे नाव घेतले जाताना मी अनेकदा ऐकले आहे. पहिल्या टप्प्यात वहीत लिहिलेल्या पाच गोष्टी इथे पुन्हा पाहाव्यात. वाचन संपल्यावर झालेल्या चुकांची क्षमा मागावी: श्वेतांबर परंपरेत ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणून, आणि दिगंबर परंपरेत तत्त्वार्थसूत्राच्या पाठानंतर म्हटल्या जाणाऱ्या, अक्षर, मात्रा, पद, स्वर यांत राहिलेल्या उणिवांची क्षमा मागून ‘को न विमुह्यति शास्त्रसमुद्रे’ असे विचारणाऱ्या श्लोकाने. मग पान मोजून खूण ठेवावी, ग्रंथ वेष्टनात बांधावा आणि जमिनीवर न ठेवता त्याच्या चौकीवर ठेवावा.